ओली वनस्पती आणि आपली चिठ्ठी

शार्ङ्गधरांनी गुडूची, वासा, शतावरी इत्यादी द्रव्ये सदैव ओलीच वापरावीत, असे सांगितले आहे. त्यानुसार आम्ही चिठ्ठीवर ‘ओली गुळवेल’ लिहितो. परंतु ती घरी कशी टिकवावी, हे सांगत नाही. मागील पावसाळ्यात एका आजींनी आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली गुळवेल आम्हांस दाखविली. तिला बुरशी लागली होती आणि त्याच कांडांचा काढा त्या घेत होत्या. दोष आमच्या चिठ्ठीचा होता.

बांधलेल्या पिशवीत वनस्पतीचा ओलावा कोंडतो व बुरशीस आयते स्थान मिळते. गुळवेलीचे कांड सजीव असते. ओलसर मातीत रोवल्यास त्यास पालवी फुटते. अडुळशाची पाने न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावीत व वापरतेवेळीच धुवावीत. तुळस मात्र तेथे काळी पडते. तिच्या डहाळ्या पाण्याच्या पेल्यात बाहेरच ठेवाव्यात. बुरशी दिसताच द्रव्य टाकून द्यावे. उकळल्याने ते निर्दोष होत नाही.

मात्रा व अनुपान यांच्याखाली साठवणीची एक ओळ वैद्यबंधु-भगिनींनी अवश्य लिहावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.