शंभर डॉलरांची पाटी

गरिबाच्या मुलाच्या हातीं यंत्र दिलें कीं विद्या आपोआप येईल, ही कल्पना मोठी मोहक खरी. सन २००५ मध्यें अमेरिकेंतील प्रो. निकोलस नेग्रोपाँटी यांनीं शंभर डॉलरांचा लॅपटॉप मुलामुलाच्या हातीं देण्याची योजना जगापुढें मांडली. यंत्र वाखाणण्याजोगें होतें. पडद्यावरील अक्षर भर उन्हांत वाचतां येई, वीज थोडकी लागे, आणि जवळपासचीं यंत्रें बिनतारी जोडलीं जाऊन एकाचा निरोप दुसरें पुढें पोंचवी. किंमत मात्र दोनशें डॉलरांच्या आसपास गेली.

पेरू देशानें हीं यंत्रें लाखांनीं घेतलीं. तेथील खेड्यापाड्यांतील ३१९ शाळांची पाहणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत गणित व भाषा या विषयांत मुलें पुढें गेल्याचें आढळलें नाहीं! तर्कशक्तीच्या कसोट्यांत कांहीं वाढ दिसली, हेंहि सांगितलें पाहिजे.

आपल्या सरकारनें २००६ मध्येंच योजना नाकारली. वर्गखोल्या व शिक्षक यांची निकड अधिक, हें त्याचें कारण. तरीहि २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील खैरात येथील एकशिक्षकी शाळेंत प्रयोग झालाच. सरकारचें म्हणणें आम्हांस पटतें, पण अर्धेंच. २०२० सालीं शाळा बंद पडल्या, तेव्हां ज्या घरीं यंत्र नव्हतें तेथील मुलांस शिक्षकहि अंतरला. आमच्या वाचकांच्या घरीं यंत्राशेजारीं आजोबा किंवा काकू बसतात. तें भाग्य धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंच्या मुलास कोठून? तेव्हां माळ्यावरचा जुना लॅपटॉप त्यास द्यावयाचा असेल, तर आठवड्यांतून दोन संध्याकाळीं घरांतील एक शिकलेलें माणूसहि त्याजबरोबर द्यावें. बॅटरी आधीं पाहून घ्यावी, आणि मराठी लिहिण्याची सोयहि करून ठेवावी.