एकाच गोधडीत तळं आणि शिखर

तंजावरच्या उकाड्यात गोधडी पांघरणार कोण? कोणीच नाही. म्हणून म्हणते, छोटी करा, भिंतीवर टांगायची. 16 इंच लांब, 16 इंच रुंद. पण अशी करा की सपाट कापडात खोल तळं दिसेल, आणि तीच उलटी टांगली की देवळाचं शिखर.

आपल्या लोकांना दोन्ही रूपं ओळखीची. बृहदीश्वराचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, 1010 साली पुरं झालं. 13 मजले, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा आखूड. त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो वाचायला आपण जातो, मग मान वर करून विमानही बघतो. तळं बघायचं तर कुंभकोणमचं महामहम. चहूबाजूंनी पायऱ्या, काठावर 16 मंडप. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी आपली गावची बारव आठवावी.

आता कापड. विकत आणू नका. उजेडासाठी जुनी वेष्टी, सावलीसाठी गडद हिरवी किंवा वांगी सुती साडी, मधल्या छटेसाठी विटलेलं काहीही. रेशीम नको, सुईखाली सरकतं. सगळं आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात वेष्टीला वांगी रंग लागेल.

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. पहिल्या वेळी लाल आणि हिरवी साडी घेतली. रंग उठून दिसत होते, खोली मात्र काही केल्या येईना. मोबाईलवर काळापांढरा फोटो काढला तेव्हा कळलं, दोन्ही सारख्याच गडद. डोळ्याला खोली रंगातून नाही, उजेड-सावलीतून समजते. तेव्हा तुकडे मांडून डोळे किलकिले करून बघा. तीन थर वेगळे दिसले तरच कात्री हातात घ्या.

मध्ये 2 इंचांचा चौकोन. त्याच्याभोवती पट्ट्यांची सहा वेढणी, आतून बाहेर अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड आणि दोन इंच रुंद. शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच जातं, म्हणून प्रत्येक तुकडा, मधला चौकोनही, अर्धा इंच जास्त कापा. प्रत्येक वेढणीत आधी वरची-खालची पट्टी जोडा, मग डावी-उजवी, आणि दर शिवणीवर इस्त्री फिरवा. वरच्या पट्ट्या कायम गडद, खालच्या कायम फिक्या, बाजूच्या मधल्या. एकाच छटेच्या लागोपाठच्या पट्ट्या वेगळ्या साड्यांच्या घ्या, नाहीतर पायऱ्या एकमेकींत मिसळतील.

हे चालतं कसं? उजेड वरून येतो असं डोळा गृहीत धरतो. खड्ड्यात वरची बाजू सावलीत राहते, खालची उजळते. उंचवट्यावर याच्या उलट. त्यामुळे गोधडी फिरवली की तळ्याचं शिखर होतं. तंजावरी चित्रात खडूच्या लगद्याने नक्षी खरोखरच उचलून घेतात, वर सोन्याचा वर्ख लावतात. आपल्याला तेवढा खर्च परवडत नाही, आणि लागतही नाही.

खाली जुन्या धोतराचा एकच थर घाला, त्याखाली अस्तर. कापूस भरू नका, पट्ट्यांच्या कडा बुजतात. मग गोधडीची जुनी रीत: धावदोरा कडेपासून सुरू करायचा आणि फेऱ्या मारत आत यायचं. टाके प्रत्येक पट्टीच्या कडेला लागूनच पडू द्या, आणि मधल्या चौकोनात दाट, म्हणजे तो बसका होऊन आणखी आत गेल्यासारखा वाटतो. मशीन असली तरी हे काम हातानेच करा. ऐप्पसीच्या पावसात, दुपारी वीज गेली की, दुसरं करायला असतं तरी काय.

नाड्या वरच्या आणि खालच्या दोन्ही काठांना शिवा. एरवी तळं असू द्या, सणाला शिखर.