जमिनीवर राहिलेली माणसं

ऑगस्ट २०११ मध्ये फरीदा सिंग यांना पाकिस्तानातून एक ई-मेल आला. लिहिणारे होते कैस हुसेन, पाकिस्तानी हवाई दलातले निवृत्त वैमानिक. विषय होता शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा.

१९ सप्टेंबर १९६५. युद्ध चालू होतं. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता, त्यांच्या पत्नी सरोजबेन आणि बरोबरची मंडळी एका लहान बीचक्राफ्ट विमानातून कच्छच्या सीमेकडे निघाली होती. विमान चालवत होते जहांगीर इंजिनिअर. ते स्वतः पूर्वी भारतीय हवाई दलात होते आणि हवाई दलप्रमुखपद भूषवलेले अस्पी इंजिनिअर हे त्यांचे बंधू. कराचीजवळच्या मौरीपूर तळावरून आलेल्या सेबर विमानाने त्यांना गाठलं. सेबरमध्ये होते कैस हुसेन. समोरचं विमान लष्करी नाही हे त्यांनी पाहिलं आणि जमिनीवरच्या नियंत्रकाला तसं कळवलं. बीचक्राफ्टने पंख हलवून दया मागितली. थोडा वेळ गेला आणि हुकूम आला की पाडा. त्यांनी पाडलं. कच्छमधल्या सुथरी गावाजवळ आठही जण संपले. त्यानंतर चार दिवसांत युद्धबंदी झाली.

फरीदा सिंग या जहांगीर इंजिनिअर यांच्या कन्या. पाकिस्तानी हवाई दलाचे निवृत्त एअर कमोडोर आणि इतिहासलेखक कैसर तुफैल यांनी या घटनेवर लेख लिहिला, तेव्हा कैस हुसेन यांच्या मनात इतकी वर्षं दाबून ठेवलेलं वर आलं. त्यांनी पत्ता शोधला, घडलं ते सविस्तर लिहिलं, आपण हुकूम पाळला हे सांगितलं आणि गेलेल्या जिवांबद्दल दुःख व्यक्त केलं. फरीदाबाईंनी उत्तर पाठवलं. त्या एका घटनेने आपल्या घराचं सगळं आयुष्य ठरवलं, पण ज्याने गोळी झाडली त्याचा द्वेष आम्ही कधी केला नाही, असा त्याचा आशय होता. युद्धात तोही एक प्यादंच होता, हे त्यांना उमगलं होतं. वडील गमावलेल्या लेकीने, ज्याच्यामुळे ते गेले त्या माणसाच्या मनावरचा भार हलका केला. क्षमा या शब्दाचा इतका खरा वापर मला फार थोड्या ठिकाणी भेटला आहे.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरवताना ही दोन पत्रं आमच्या डोळ्यांपुढे होती. निमित्तंही तशी घडली. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले. २६ सप्टेंबरला चंडीगडच्या तळावर मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला. साठ वर्षांहून अधिक काळ ही विमानं आपलं आकाश राखत होती आणि त्यांतली कितीतरी आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. निरोपाच्या बातम्यांत सारा भर विमानावर होता. त्याचा वेग, त्याची शस्त्रं, त्याने पाडलेली शत्रूची विमानं. हे सगळं सांगायलाच हवं. पण हवाई युद्धाचा इतिहास आपण विमानं मोजून लिहितो, त्यांचे चार पडले, आपले दोन पडले, आणि पडलेल्या प्रत्येक विमानाखाली जमिनीवर जी माणसं उभी असतात त्यांना त्या हिशेबात जागाच देत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की वैमानिकाची आठवण त्या माणसांसकट ठेवायला हवी. नाहीतर ती आठवण अर्धी राहते.

परुळकरांचीच गोष्ट घ्या. ती अनेकांना तोंडपाठ आहे. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानावर मारा झाला, खांद्याला जखम झाली. उडी मारायला सांगितलेलं असतानाही ते विमान तळावर परत घेऊन आले. १९७१ मध्ये सुखोई-७ घेऊन गेले असताना १० डिसेंबरला ते पाडले गेले आणि पकडले गेले. रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासोबत त्यांनी कोठडीची भिंत पोखरली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन तोंडावर असताना, तिघे भिंतीच्या भोकातून बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून पुढे जमरूद आणि लंडी कोतल. अफगाणिस्तानची सरहद्द चार-पाच मैलांवर आली होती. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली. नकाशात ते स्टेशन होतं, पण प्रत्यक्षात १९३२ पासून ते बंद पडलेलं. चाळीस वर्षं न धावलेल्या गाडीचा पत्ता विचारणारे हे परके कोण, असा संशय आला आणि तिघेही तहसीलदाराच्या ताब्यात सापडले.

या गोष्टीत आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो तो यापुढचा भाग, आणि तोच बहुधा घाईत उरकला जातो. तो सरहद्दीचा मुलूख, संशय हेरगिरीचा. तिथल्या तिथे जीव जाणं काही अवघड नव्हतं. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच लोक आहोत अशी बतावणी करत परुळकरांनी तहसीलदाराला एक फोन लावायला लावला, तो स्क्वाड्रन लीडर उस्मान यांना. हे उस्मान आधी त्याच छावणीचे प्रमुख होते. १९७१ च्या नाताळात त्यांनी भारतीय कैद्यांसाठी केक आणवला होता. फोनवर तिकडून काय प्रकार झाला असेल हे त्यांनी ओळखलं. हे आपलेच लोक आहेत, यांना नीट कोंडून ठेवा पण हात लावू नका, असं त्यांनी सांगितलं. तिघांचा जीव वाचला. पळून जाण्याची हिंमत परुळकरांची, त्याबद्दल त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. पण मृत्यूच्या दारात उभं असताना शत्रूच्या अधिकाऱ्याच्या माणुसकीवर भरवसा टाकावासा वाटणं, आणि त्या अधिकाऱ्याने तो भरवसा खरा करणं, हेही त्याच युद्धात घडलं. ते कुठल्या पदकात बसत नाही, म्हणून सांगायचं राहू नये.

१ डिसेंबर १९७२ रोजी हे वैमानिक वाघा ओलांडून मायदेशी आले. हार, घोषणा, मिठ्या, सगळं झालं. परत आलेल्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे नव्हते.

विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोट रोडच्या हवाई तळावर हल्ला करायला गेले होते. तेही सुखोई-७ चे वैमानिक. विमानभेदी तोफांचा मारा त्यांच्या विमानाला लागला. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या तेव्हा देशातल्या अव्वल बॅडमिंटनपटू होत्या. माहेरच्या सुभेदार, अलाहाबादच्या. महिला एकेरीच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्न झालं होतं एप्रिल १९७० मध्ये. म्हणजे संसार जेमतेम वीस महिन्यांचा. त्याच डिसेंबरात 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्रात बातमी छापून आली की काही भारतीय वैमानिक जिवंत पकडले गेले आहेत. त्यात एक नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं, पण 'तांबे' असंच वाचता येईल असं.

त्या एका ओळीवर दमयंतीबाई पन्नासहून अधिक वर्षं उभ्या आहेत.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्याचा अर्थ नीट मनात उतरवून घेतला तर पुढचं लिहवत नाही. नवरा गेला असं कुणी सांगितलं नाही. आहे असंही कुणी सांगितलं नाही. भारत सरकारच्या यादीत अशी ५४ नावं आहेत, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतल्या बेपत्ता सैनिकांची आणि वैमानिकांची. आमच्याकडे असे कुणी कैदी नाहीत, हे पाकिस्तानचं ठरलेलं उत्तर. १९८३ साली काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगापर्यंत नेण्यात आलं. २००७ मध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, त्यांत दमयंतीबाईही होत्या. हाती काही लागलं नाही. मधल्या काळात खेळाडूची कारकीर्द मागे पडली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडाविभागात त्यांनी नोकरी केली, नव्या मुलामुलींना मैदानावर उभं केलं, आणि एकेका मंत्र्याच्या, एकेका अधिकाऱ्याच्या दारात तोच प्रश्न घेऊन त्या जात राहिल्या.

१९७१ च्या विजयानंतर आपल्या ताब्यात पाकिस्तानचे त्र्याण्णव हजार युद्धकैदी होते. सिमला करार झाला, पुढे ते सगळे मायदेशी गेले, आणि जाणं योग्यच होतं. पण एवढं सगळं हातात असताना आपल्या प्रत्येक माणसाचा शेवटपर्यंतचा पत्ता लावून घेणं आपल्याला जमलं नाही. हे राज्यकर्त्यांचं अपयश होतं असं आम्ही स्पष्ट म्हणतो, आणि ते कुणा एका पक्षाचं नाही. १९७१ पासून दिल्लीत जी जी सरकारं आली त्या सगळ्यांचं आहे. त्यांना विचारत न राहिल्याचा दोष आपल्याकडेही येतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पकडले गेले आणि तिसऱ्या दिवशी, १ मार्चला, वाघ्यावरून परत आले. त्यामागे सरकारचा दबाव होता, जगाचं लक्ष होतं. पण आणखी एक गोष्ट होती. ते जिवंत आहेत हे कोट्यवधी लोकांनी मोबाइलवर पाहिलं होतं. नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. तांबे यांच्या वेळी पुरावा होता तो परक्या वर्तमानपत्रातल्या एका ओळीचा. दोन वैमानिकांच्या नशिबातलं हे अंतर शौर्याचं नाही, साक्षीचं आहे.

साक्ष उशिरा मिळाली तर काय होतं ते स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांच्या बाबतीत दिसतं. कोडगूचे देवय्या ७ सप्टेंबर १९६५ च्या सरगोधा हल्ल्यात राखीव वैमानिक होते. पुढचं कुणी मागे फिरलं तरच त्यांनी जायचं. तशी वेळ आली आणि ते गेले. त्यांच्या मिस्टेअर विमानाची गाठ पडली ती स्टारफायटरशी, आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या विमानाशी. देवय्या परत आले नाहीत, आणि नेमकं काय झालं हे आपल्याकडे कुणालाच कळलं नाही. त्यांनी ते स्टारफायटर पाडलं होतं ही गोष्ट बाहेर आली ती पाकिस्तानच्या बाजूने युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून. १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तेवीस वर्षं त्यांच्या पत्नी सुंदरी देवय्या यांच्याजवळ फक्त 'बेपत्ता' एवढाच शब्द होता. आपल्या माणसाचं शौर्य शत्रूच्या नोंदीतून कळावं, यात शत्रूच्या प्रामाणिकपणाला दाद आहेच, पण आपल्या नोंदींबद्दल विचार करायला लावणारंही बरंच आहे.

निर्मलजितसिंग सेखों यांच्या बाबतीतही हेच म्हणावं लागेल. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर सहा सेबर चालून आली असताना धावपट्टीवर बॉम्ब पडत होते, तशात त्यांनी आपलं छोटं नॅट विमान वर उचललं. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. त्यांच्या झुंजीला मोकळी दाद देणाऱ्यांत त्या दिवशी त्यांच्यावर चालून आलेले सलीम बेग मिर्झा हेही आहेत. सेखोंचा देह मात्र कधीच सापडला नाही.

मराठी घरांचा या इतिहासाशी संबंध आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या विमानदलात होते. ज्या काळी हिंदी माणसाने लढाऊ विमान चालवायचं म्हणजे आधी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नकाराशीच लढायचं, त्या काळी. जून १९१८ मध्ये जर्मनांशी लढताना ते पडले. फ्रान्समधल्या हँगार्ड गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. इथल्या किती शाळांत त्यांचं नाव घेतलं जातं?

या अंकासाठी लेख मागवताना आम्ही लेखकांना एकच विनंती केली होती: विमान कितीही उंच जाऊ द्या, पण जमीन सोडू नका. विमान उडण्याआधी त्याच्या पोटाखाली झोपून तेलाची गळती शोधणारा एअरमन, ओझरच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला फिटर, लोहगावच्या क्वार्टर्समध्ये विमानं मोजत उभी राहणारी बायको, बापाचा चेहरा फक्त फोटोत पाहिलेली मुलं, आणि सीमेपलीकडची तशीच घरं, ही सगळी माणसं या पानांत यावीत असा प्रयत्न आहे. युद्धाचा गौरव करणं हा त्यामागचा हेतू नाही. युद्ध नको म्हणून लढणाऱ्यांना विसरून जाणंही आम्हाला मान्य नाही.

वाचकांकडेही एक मागणं आहे. प्रत्येक वैमानिक लॉगबुक ठेवतो. कुठल्या दिवशी कुठलं विमान, किती वेळ, कशासाठी, हे त्यात असतं. पुणे, नाशिक, नागपूर, सातारा, बेळगाव इथल्या कितीतरी कपाटांत अशी लॉगबुकं, तळावरून आलेली पत्रं, तारा, ग्रुप फोटो पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत देऊ नका. फोटोमागे नावं लिहा. ज्या काकांना, आजोबांना किंवा आजींना अजून आठवतं आहे, त्यांना या सुट्टीत बसवून बोलतं करा आणि ते लिहून काढा, तारखांसकट. आमच्याकडे पाठवलंत तर पुढच्या अंकांतून ते आम्ही छापू. नाही पाठवलंत तरी चालेल, पण लिहून ठेवा. आणि आपल्या भागातले खासदार भेटतील तेव्हा त्या चोपन्न नावांबद्दल त्यांना विचारा. दमयंतीबाईंनी हा प्रश्न पुष्कळ वर्षं एकटीने विचारला आहे.



— संपादक