बँडसॉचे गार्ड आणि कामाचा वेग



बँडसॉवर बोटे जातात ती कामगाराच्या बेफिकिरीने, आणि गार्ड लावला की काम रखडते, हे आपल्या एका वाचकाचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. जळगाव एमआयडीसीत असो की धुळ्याच्या अवधानला, पाइप, अँगल, शाफ्ट कापताना जे चांगल्या कटसाठी लागते, तेच हातही वाचवते. ब्लेडचे गाइड मालाच्या जितके जवळ, तितका कट सरळ येतो आणि उघडे ब्लेडही तितकेच कमी राहते. निदान ३ दात एकाच वेळी मालात हवेत. पातळ पाइपवर मोठ्या दातांचे ब्लेड चढवले की दात तुटतात. ब्लेडचा ताण, कूलंट, चिप्स झाडणारा ब्रश यांकडे दुर्लक्ष झाले की ब्लेड भरकटते, अडकते, आणि ते सोडवायला हात पुढे जातो. मग बेफिकिरी नेमकी कुणाची?

मग कामगार हातमोजे का घालत नाहीत, असा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे. मशीन बंद करून ब्लेड बदलताना ते घालावेतच. पण चालत्या ब्लेडच्या दातात मोजा सापडला तर बोटांसह ओढला जातो. आपल्याकडच्या जाणाऱ्या-येणाऱ्या विजेबद्दल तर कुणी बोलतच नाही. साध्या स्विचवरचे मशीन वीज परतताच आपोआप सुरू होते, आणि तेव्हा कुणी अडकलेला तुकडा काढत असू शकतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने धोकादायक भागांना आवरण सक्तीचे केले; लहान शेड त्या कक्षेबाहेर राहिली म्हणून तिथला धोका कमी होत नाही. खर्चाची सबब सांगणाऱ्या मालकांनी आधी वीज परतल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ न देणारा नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर बसवावा, आणि ब्लेड बदलताना मेन स्विचच्या कुलपाची चावी ब्लेड बदलणाऱ्याच्याच खिशात राहू द्यावी.

— एक वाचक, जळगाव