सुजाताची आई आणि सावित्रीमाई



पिक्चरचा नाद लागला म्हणजे पोरगा वाया गेला, असे मानणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. गंमत अशी की त्याच पिढीला जुने पिक्चर सगळ्यात जास्त पाठ आहेत. खामगावच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढलेल्या, मलकापूर-नांदुऱ्याच्या स्टेशनवर ओझी वाहिलेल्या म्हाताऱ्यांशी दहा मिनिटे बोलून पाहा. स्वतःच्या जन्माचे साल विचारले तर ‘मोठ्या दुष्काळाच्या आसपास’ म्हणतील, पण ‘अलबेला’ कोणत्या सालचा हे विचारताच १९५१ असे ताडकन सांगतील. वर गीता बालीने कोणत्या गाण्यात कोणता पदर घेतला होता तेही सांगतील.

अशाच चार जाणत्या माणसांत संध्याकाळी बसणे होते. एक जिनिंगमधून निवृत्त झालेले मामा, एक घरकाम करून मुले शिकवलेली मावशी, आणि अधूनमधून येणारी मावशीची नात. ती नर्सिंग शिकते. विषय जुन्या पिक्चरचा निघाला की चहा थंड होतो.

मामांचे सगळे पिक्चर तंबूतले. यात्रेत टुरिंग टॉकीज यायची. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपले की दिवा लागायचा आणि पोरे ओरडायची. बसायला जमीन, पोते घरून न्यायचे. मधे कापड लावून बायांची बाजू वेगळी. मामा सांगतात, “वावरात आमच्या हातचं पानी न घेनारा मालक तंबूत आमच्याच बाजूले पोतं टाकून बसे. अंधारात कोन पाह्यते?” दिवा लागला की मग तो जरा सरकून बसायचा, हेही ते सांगतात.

त्यांचा देव भगवानदादा. भगवान आबाजी पालव, जन्म अमरावतीचा, म्हणजे आपल्या वऱ्हाडातला. बाप मुंबईत गिरणी कामगार. ‘अलबेला’ त्यांनी स्वतःच काढला, स्वतःच दिग्दर्शित केला आणि नायकही स्वतःच झाले. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे. दिसायला नायकासारखे नाहीत, अंगाने जाड, आणि नाच असा की ज्याला नाचता येत नाही त्यालाही यावा. कंबर थोडी, हात थोडे, बाकी सगळा आनंद. आजही जयंतीच्या मिरवणुकीत जो माणूस लाजत लाजत दोन पावले टाकतो, त्याची पावले बहुतेक भगवानदादांचीच असतात. पैसा आला तसा गेला, शेवटची वर्षे दादरच्या चाळीत काढली, २००२ साली गेले. मामा एवढ्यावर गप्प होतात, म्हणून पुढे जाऊ.

मावशीचे वेगळेच. लहानपणी तिला पिक्चर पाहायला मिळाला नाही, पण चाली सगळ्या पाठ. कारण गायन पार्टी. आपल्याकडे जयंतीला, बारशाला, लग्नाला गायन पार्टी आली की हिंदी पिक्चरच्या गाजलेल्या चालीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची गाणी म्हटली जायची. स्वतः वामनदादा कर्डकांची सुरुवात १९४३ साली एका हिंदी गाण्याच्या विडंबनापासून झाली. मावशीने चाल आधी ढोलकीवर ऐकली आणि लताबाईंचे मूळ गाणे नंतर, शेजारच्या रेडिओवर. तेव्हा ती आईला म्हणाली होती, “माय वं, आपलं गानं यायनं चोरलं!” हे सांगताना ती अजूनही पदर तोंडाला लावून हसते.

तर परवा असाच विषय निघाला, की सगळ्यात आवडता पिक्चर कोणता. मामा म्हणाले ‘सुजाता’. मावशीनेही ‘सुजाता’च म्हटले. नात म्हणाली, “मला त्या पिक्चरचा राग येतो.” आणि वाद पेटला. तो वादच आज वाचकांपुढे ठेवायचा आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५९ सालचा बिमल रॉय यांचा हा बोलपट. कथा बंगाली लेखक सुबोध घोष यांची. साथीच्या रोगात मजुरांची वस्ती उजाड होते, एक तान्ही अस्पृश्य मुलगी मागे राहते आणि एका ब्राह्मण इंजिनियरच्या घरी येऊन पडते. तीच सुजाता, म्हणजे नूतन. घरची स्वतःची मुलगी रमा, म्हणजे शशिकला. रमा कॉलेजात जाते, सुजाता घरातले आणि बागेतले काम पाहते. रमासाठी योजलेला मुलगा अधीर, म्हणजे सुनील दत्त, सुजाताच्या प्रेमात पडतो. घर पेटते. शेवटी आई अपघातात सापडते, रक्त लागते, आणि जुळते ते फक्त सुजाताचे.

हिंदी पिक्चर असला तरी बायांची बाजू बघा कशी मराठी आहे. नूतन समर्थांची, शोभना समर्थांची लेक. शशिकला सोलापूरची. आई झालेल्या सुलोचनाबाई लाटकर, चिकोडीजवळच्या खडकलाटच्या. आणि शिवाशिव पाळणारी घरची बुआजी कोण, तर ललिता पवार, जन्म येवल्याचा! ज्या येवल्यात १९३५ साली बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले, त्याच गावची ही बाई, आणि तिने जातीचा अहंकार असा वठवला की तंबूतल्या बाया तिला शिव्या घालायच्या. १९४२ साली चित्रीकरणात थप्पड जोरात बसून तिचा डोळा कायमचा अधू झाला. त्या डोळ्याने तिची नायिकेची कामे गेली आणि सासवांची आली. थप्पड मारणारे नट कोण, तर आपले भगवानदादाच. हे मामांपुढे काढायचे नाही.

पण पिक्चरचा जीव बुआजीत नाही, आईत आहे. बुआजी दुष्ट आहे, तिचे सरळ. आई दुष्ट नाही. ती सुजाताला खाऊ घालते, जीव लावते, आजारात उशाशी बसते. फक्त चारचौघांत ओळख करून द्यायची वेळ आली की रमा ‘मुलगी’ होते आणि सुजाता ‘मुलीसारखी’. हा एक शब्द बिमल रॉयने सबंध पिक्चरभर सुईसारखा टोचत ठेवला आहे. नूतन त्यावर काहीच बोलत नाही. मान वळवते, ट्रे उचलते, आत जाते. फोनवरचे तलत महमूदचे गाणे आठवा. गातो सुनील दत्त, ती नुसती कानाला रिसीव्हर लावून उभी असते. गाणे त्याचे आणि लक्षात ती राहते. त्या कामाबद्दल तिला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते.

मावशीला हा पिक्चर का आवडतो ते तिने त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितले. “मी एका घरी पंधरा वर्स भांडे घासले. बाई लय चांगली. ‘तू आमच्या घरच्यासारखीच आहे’ म्हने. सनाले लुगडं दे, पोराच्या फीले पैसे दे. पन माहा कप खिडकीतच. पंधरा वर्स तो खिडकीतून हालला नाही. मी त्या सुलोचनाबाईच्या तोंडातून ‘सारखी’ आइकलं अन् मले वाटलं, हे कोनं जाऊन त्याईले सांगतलं?”

यावर कुणी काही बोलले नाही. नातीलाही हा कप नवीन होता.

पण तिचा राग काही कमी झाला नाही. तिचे म्हणणे असे: रक्ताची गटांत वाटणी करता येते हे लँडस्टायनरने १९०१ सालीच दाखवून दिले, त्या वाटणीत जात कुठेच नाही. मग सुजाताचे रक्त जुळले याचे एवढे नवल कशाला? आणि नसते जुळले तर? आई तिला आयुष्यभर ‘मुलीसारखी’च म्हणत राहिली असती? “आपल्या मुलीनं आधी रक्त द्यायचं आणि मग तिला माणूस म्हणायचं, हा सौदा झाला, आजी.” दुसरे असे की सुजाताला शाळेत का घातले नाही? औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांनी १९५० सालीच कॉलेज सुरू केले होते. पिक्चर निघाला तेव्हा तिथे आपली मुले शिकत होती, आणि पडद्यावरची सुजाता झाडांना पाणी घालत होती. अधीर चांगला मुलगा आहे, पण तिच्या हातात पदवी असती तर तिला अधीरची वाट पाहावी लागली नसती.

मामांनी बाजू सोडली नाही. ते म्हणाले, “त्या टायमाले एवढं दाखोलं हेच लय झालं. ‘अछूत कन्या’त पोरगी आगगाडीखाली मेली. हे जगली. हिचं लगन झालं.” हे खरे आहे. १९३६ साली बॉम्बे टॉकीजच्या ‘अछूत कन्ये’त देविका राणीची कस्तुरी जीव देऊनच मोठी ठरते. तेवीस वर्षांनी नूतनची सुजाता जिवंत राहते. त्यामध्ये काय काय घडले ते वाचकांना सांगायला नको. मला मात्र मामांना एक विचारायचे होते. १९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली आणि तीनच वर्षांनी हा पिक्चर आला, तरी निराश सुजाता नदीवर जाते तेव्हा समोर पुतळा गांधीजींचा. आपण केलेल्या हालचालीची पडद्याला चाहूलही नाही. पण एक आहे. त्याच पिक्चरमध्ये रवींद्रनाथांच्या ‘चांडालिके’चा प्रयोग होतो. चांडाल मुलीकडे पाणी मागणारा भिक्खू आनंद त्यात येतो. म्हणजे बुद्धाचा शिष्य तरी येऊन गेला. आणि सुजाता हे नावसुद्धा! सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातेचे. जिल्ह्यातल्या कुठल्याही बौद्ध वस्तीत हाक मारा, दोघी तरी ओ देतील.

आता सुलोचनाबाईंबद्दल, कारण मावशीचे मन त्यांच्यावरच अडकले होते. १९५९ साली त्या एकतीस वर्षांच्या होत्या आणि नूतन तेवीसची. आठ वर्षांनी लहान मुलीची आई! पण याच सुलोचनाबाई पाच वर्षे आधी सावित्रीमाई झाल्या होत्या, हे आपल्यातल्या फार थोड्यांना आठवते. आचार्य अत्र्यांचा ‘महात्मा फुले’, १९५४. जोतीराव झाले बाबूराव पेंढारकर. मुहूर्त ४ जानेवारी १९५४ रोजी मुंबईत झाला, तो डॉ. बाबासाहेबांच्या हस्ते. आणि त्याच पिक्चरमध्ये कीर्तन करायला उभे राहिले आपल्या वऱ्हाडचे, शेणगावचे गाडगेबाबा. राष्ट्रपतींचे रौप्यपदक त्याला मिळाले. दोनच वर्षांनी, १९५६ च्या डिसेंबरात, बाबासाहेब आणि गाडगेबाबा चौदा दिवसांच्या अंतराने गेले.

दोन्ही पिक्चर शेजारी ठेवून पाहिले की मजा कळते. खऱ्या सावित्रीमाईंना मूल नव्हते. त्यांनी ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेतले, यशवंत. ‘मुलासारखा’ म्हणून नाही, मुलगा म्हणून. शिकवून डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात धावल्या, आणि त्याच प्लेगाने गेल्या. रक्त जुळते का हे त्यांनी आधी पाहिले नाही. आणि पडद्यावर त्यांचाच चेहरा धारण केलेली बाई पाच वर्षांनी एका अनाथ मुलीला ‘मुलगी’ म्हणायला अडीच तास घेते. नटी एकच. दोन्ही कामे तिने इतक्या खरेपणाने केली की मावशी अजून तिच्यावर रुसलेली आहे. हा अभिनयाचा मोठेपणाच म्हणायचा. सुलोचनाबाई २०२३ च्या जूनमध्ये गेल्या तेव्हा मावशी एवढेच म्हणाली, “चांगली होती बिचारी. पन तो शब्द...”

नातीने दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या. २०२५ साली आलेला हिंदी ‘फुले’ तिने मैत्रिणींबरोबर पाहिला आहे. त्याचे प्रदर्शन दोन आठवडे लांबले आणि काही जातिवाचक शब्द बदलायला लावले, तेव्हा तिचा संताप आम्ही पाहिला आहेच. ती म्हणाली, आता अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ पाहीन, आणि ‘सुजाता’ आजीबरोबर पुन्हा एकदा पाहीन, पण शेवटचा रक्ताचा प्रसंग पुढे ढकलून. मामा म्हणाले, मग काय पाहिलं तू? पुन्हा सुरू.

ज्यांच्या घरी कुणी वडीलधाऱ्यांनी ‘महात्मा फुले’ तंबूत किंवा टॉकीजमध्ये पाहिला असेल त्यांनी गाव, साल, तिकीट किती होते आणि गाडगेबाबा पडद्यावर आले तेव्हा लोकांनी काय केले, एवढे पोस्टकार्डावर लिहून कळवावे. पुढच्या खेपेला ‘सांगत्ये ऐका’. मावशीने हंसाबाई वाडकरांबद्दल बरेच काही सांगायचे कबूल केले आहे.