रस्ता बरा झाला, तर रुग्ण कमी होतील

पावसाळ्यात आमच्या सरकारी रुग्णालयात तापाच्या प्रत्येक रुग्णाला एक प्रश्न विचारावाच लागतो : ‘गेल्या दोन-तीन आठवड्यांत साचलेल्या पाण्यातून चाललात का?’ उत्तर बहुधा ठरलेले असते, ‘हो. स्टेशनला जायला दुसरा रस्ताच नाही, डॉक्टर.’ त्यात पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील, तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय घ्यावा लागतो. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या साध्या जखमेतून शरीरात शिरतात. उपचाराला उशीर झाला, तर मूत्रपिंडे निकामी होऊन जीवही जाऊ शकतो.

औषध आम्ही देतो. पण आजाराचे मूळ रस्त्यावर आहे.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला आणि पाठोपाठ मुंबईत लेप्टोची साथ आली. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. ही क्षमता दुप्पट करण्याचे काम हाती घेतले गेले आणि ते हवेच. पण मोठ्या भरतीच्या वेळी समुद्रच पाणी घेत नाही. तेव्हा रुंद वाहिन्याही तुंबतात. म्हणून पाणी जिथे पडते तिथेच थोडे अडवणे, मुरवणे गरजेचे आहे.

इंग्लंडमधील शेफील्डने 2007च्या पुरानंतर हा मार्ग धरला. शहराच्या मध्यभागातील एका मोठ्या रस्त्यावरची वाहतूक बाह्यरस्त्यावर गेली होती. तिथल्या मार्गिका कमी करून कडेने खोलगट वाफे केले, झाडे लावली, चालण्यासाठी मोकळी जागा ठेवली. रस्त्यावरचे पाणी वाफ्यात उतरते, मातीतून झिरपते आणि उरलेले सावकाश नदीकडे जाते.

‘आपल्याकडे त्यात डास होतील,’ ही शंका रास्त आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून वाफ्यातले पाणी एक-दोन दिवसांत मुरलेच पाहिजे, अशी रचना हवी आणि नियमित सफाईही. आपला पाऊस शेफील्डपेक्षा कितीतरी जोरदार. 2005सारखा पाऊस कोणताही वाफा थोपवणार नाही. पण दरवर्षीच्या सरींनी गुडघाभर साचणारे पाणी घोट्यापर्यंत आले, तरी कितीतरी पाय कोरडे राहतील.

जागा कुठून आणायची? रस्त्याच्या कडेला दिवसभर उभ्या राहणाऱ्या मोटारींकडून. तिथे मातीचा पट्टा, सलग पदपथ आणि बसथांबा झाला, तर पाणीही मुरेल आणि माणसे चालतीलही. मधुमेहाच्या रुग्णाला मी रोज ‘चाला’ म्हणून सांगतो. चालायचे कुठे, हे मात्र सांगू शकत नाही.

आज शहरोशहरी रस्त्यांचे काँक्रिटीकरण जोरात सुरू आहे. एकदा ओतलेले काँक्रीट पुढची काही दशके तसेच राहणार. म्हणून मातीसाठीची जागा आधीच सोडली पाहिजे. सुरुवात स्टेशन, बसथांबे आणि रुग्णालयांभोवतीच्या रस्त्यांपासून करावी. नगरसेवक, अभियंते यांच्याकडे आपण खड्ड्यांची तक्रार करतो. यंदा ही मागणीही करू या.

तोवर, साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, तर ताप येण्याची वाट पाहू नका. 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा.