न वाढणारा नायक

संकटातून गेलेला माणूस पूर्वीसारखा राहत नाही. चित्रपटांतील नायक मात्र पुष्कळदा तसाच राहतो. १९८० साली जपानमध्ये निघालेल्या ‘डोरेमॉन’च्या पहिल्या मोठ्या चित्रपटात नोबिता डायनोसॉरच्या पिलाला जिवापाड जपतो, त्याच्यासाठी धैर्य दाखवतो. परंतु पुढल्या गोष्टींत तो पुन्हा रडका व परावलंबीच! वय न वाढले तरी चालेल. पण कमावलेले धैर्यही हरवावे काय?

याउलट अमेरिकेतील ‘टॉय स्टोरी’ पाहा. १९९५ साली खेळण्यांत रमलेला अँडी २०१० सालच्या तिसऱ्या भागात महाविद्यालयात जायला निघतो आणि तीच खेळणी एका लहान मुलीला देऊन टाकतो. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात, पण मन समाधान पावते. अनुभवाने शहाणा होणारा नायकच मुलांचा खरा सोबती होय.